नॉर्मल रक्त

काळोख्या खोलीत मायक्रोस्कोपला डोळे लावून बसलेली चिमणी झटक्यात मागे सरकली आणि तिच्या स्टुलाचा पाय चष्म्याच्या पायावर पडला. चष्मा म्हणजे तिच्यासोबत काम करणारा तंत्रज्ञ. त्याला खरं नाव होतं, पण लॅबमध्ये ते फक्त पगाराच्या दिवशी आठवायचं. चिमणीचीही तीच गत. एकदा तिच्या वडिलांनी लॅबच्या फोनवर "आमची चिमणी आहे का?" असं विचारलं आणि चाळिशीला टेकलेली, चांगली भरल्या अंगाची ही बाई कायमची चिमणी होऊन बसली.

"आई गं! भूत पाहिलंस की काय?" चष्मा पाय चोळत म्हणाला.

भूत परवडलं असतं. तिने पुन्हा डोळे लावले. शेवटचं घर हिरवं दिसत होतं, आणि शेवटचं घर काळं असायला हवं होतं.

त्या दिवशी नवी तपासणी पहिल्यांदा लावली होती. मेंदूतल्या चेतापेशींच्या अंगावर कॅस्पर-टू नावाचं एक प्रथिन असतं. पेशीला पेशी धरून ठेवायची आणि नसांमधली विजेची व्यवस्था जागच्या जागी राखायची, हे त्याचं काम. काही माणसांचं रक्त मात्र याच प्रथिनाला शत्रू समजून त्याच्या मागे लागतं. मग नसा विनाकारण चेकाळतात. स्नायू आपले आपण उडतात, झोप उडते, घाम फुटतो आणि माणूस हळूहळू विसरायला लागतो. तपासणी तशी सोपी. काचेवरच्या छोट्या छोट्या घरांत ते प्रथिन असलेल्या पेशी असतात. त्यांवर रुग्णाच्या सीरमचा, म्हणजे रक्तातल्या पाण्याचा, थेंब टाकायचा आणि मग रंग. दोष असेल तर पेशींभोवती हिरवी कडा चमकते. तुलनेसाठी शेवटच्या घरात धडधाकट माणसाच्या रक्ताचा थेंब टाकतात, तो कधीच चमकत नाही.

चष्म्याने मॅडमना बोलावून आणलं. मॅडम लॅबच्या प्रमुख. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "हे नॉर्मल रक्त कोणाचं?"

या लॅबची एक जुनी पद्धत होती. धडधाकट माणसं कुठून आणायची? म्हणून कामावरचीच माणसं पाळीपाळीने रक्त द्यायची, आणि ते ज्याच्या त्याच्या आकड्याखाली फ्रीजरमध्ये ठेवलं जायचं. चष्म्याने नळी उजेडात धरून तिच्यावरचा आकडा वाचला आणि त्याचा चेहरा पडला.

"चिमणीचं आहे," तो म्हणाला.

दोघं तिच्याकडे बघायला लागले. इतक्या मायेने त्या लॅबमध्ये तिच्याकडे कोणी कधी पाहिलं नव्हतं. चिमणीच्या तोंडचं पाणी पळालं होतं, पण त्यांना वाटलं त्या कारणासाठी नाही. ते रक्त तिचं नव्हतंच. दिवसभर दुसऱ्यांच्या दंडाला सुया टोचणारी ही बाई स्वतःच्या दंडाजवळ सुई आली की गार पडायची. मागच्या पाळीला ती फ्रीजरवर डोकं आपटून पडली होती. त्यामुळे या वेळी तिने नळी घरी नेली, वडिलांचं रक्त काढलं आणि वर स्वतःचा आकडा चिकटवला. बाबा कधी सर्दीनेसुद्धा झोपलेले तिला आठवत नव्हते. त्यांच्याहून धडधाकट माणूस आणायचा तरी कुठून?

मॅडमनी तिला खुर्चीत बसवलं. "झोप नीट लागते ना तुला?"

"हो."

चिमणीला झोप लागत होती. बाबा पहाटेपर्यंत खोलीतल्या खोलीत चालत असायचे. म्हातारपणात झोप कमीच, असं तेच हसून सांगायचे.

"पोटऱ्या, दंड आपोआप उडतात? कातडीखाली काही वळवळल्यासारखं?"

"नाही."

मागच्या आठवड्यात बाबांनी विजार वर करून तिला पोटरी दाखवली होती. "बघ, उंदीर पाळलाय," म्हणाले होते. ती पोट धरून हसली होती.

"घाम? वजन उतरलंय? काही विसरायला होतं?"

"नाही, मॅडम. नाही."

तिला भीती वाटत होती, साधी, लहान मुलासारखी भीती, की आता मॅडम आणखी एक प्रश्न विचारतील आणि त्याचंही उत्तर घरात सापडेल.

"हातपाय गाळू नकोस," मॅडम तिचा हात धरून म्हणाल्या. "एका तपासणीवरून काही ठरत नाही. कधीकधी चांगल्या माणसातही थोडं दिसतं. आणि खरंच असेल तर यावर उपचार आहेत. लवकर हाती लागलं पाहिजे, एवढंच."

लवकर. तेवढा शब्द तिला ऐकू आला. खरं सांगायला तिने तोंड उघडलं, पण बाहेर आलं ते भलतंच. "मी जरा घरी जाऊन येते." पांढरा कोट अंगावर तसाच ठेवून ती बाहेर पडली.

बाबा घरी नव्हतेच. या वेळी ते दुकानात असायचे. दोन गल्ल्या पलीकडे त्यांचं केस कापायचं दुकान होतं. दोन खुर्च्या, एक लांबलचक आरसा, आणि गप्पा ऐकायला येणारे चार रिकामटेकडे. अर्ध्या वाटेवर चिमणीच्या मनात एक गोष्ट आली आणि ती चालता चालता पळायला लागली. हिवाळ्यात बाबांनी वस्तरा बंद केला होता. आता मशीनचा जमाना, म्हणाले होते. आणि मध्यंतरी तो पुन्हा सुरू केला होता. तिला तर तेव्हा बरं वाटलं होतं. म्हाताऱ्यात पुन्हा जीव आला, असं तिने शेजारणीला कौतुकाने सांगितलंही होतं.

दुकानाच्या काचेतून तिने आत पाहिलं. शेजारचा बेकरीवाला खुर्चीत मान मागे टाकून, डोळे मिटून पडला होता. हनुवटीखाली फेस होता आणि बाबांचा वस्तरा त्याच्या गळ्यावरून वर चालला होता.

हाक मारावी तर बाबा दचकतील. धावत जावं तर दार वाजेल. तिने श्वास रोखून दार अगदी सावकाश ढकललं आणि भिंतीशी उभी राहिली. बाबांच्या बाह्या वर गुंडाळलेल्या होत्या. उजव्या दंडावर कातडीखाली काहीतरी सरसर धावलं आणि थांबलं. मग मनगटाजवळ. वस्तरा थांबला. बाबांनी हात उचलला, हवेत धरला, मूठ आवळली, सोडली आणि पुन्हा गळ्यावर ठेवला. चिमणीने देवाचं नाव घेतलं नाही, कारण तिला त्या क्षणी कुठलंच नाव आठवत नव्हतं. बेकरीवाला डोळे न उघडता पावाच्या भावाबद्दल बोलत होता आणि बोलताना त्याचा कंठमणी खालीवर होत होता.

"अहो, गप्प बसा ना जरा," चिमणी पुटपुटली.

बाबांनी आरशातून तिला पाहिलं. त्यांनी वस्तरा बाजूला ठेवला, ओल्या टॉवेलने गिऱ्हाइकाचं तोंड पुसलं. "झालं. उरलेली उद्या करू."

"अर्धी दाढी?" बेकरीवाला आरशात बघून म्हणाला. पण बाबांचा चेहरा पाहून निघून गेला.

चिमणीने सगळं सांगून टाकलं. हिरवी कडा, तिचा आकडा, मॅडमचे प्रश्न, सगळं एका दमात. बाबा गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसून ऐकत होते. त्यांची मान घामाने ओली होती.

"म्हणजे डोकं फिरत नव्हतं माझं," ते शेवटी म्हणाले.

"तुम्हाला कळलं होतं?"

"हात माझा आहे ना. मला नाही कळणार तर कोणाला? हिवाळ्यात एका पोराचा कान कापला गेला. थोडासाच. त्या दिवशी वस्तरा ठेवून दिला. डॉक्टरकडे जायची हिंमत होईना. मग तू रक्त मागितलंस. म्हटलं, बरं झालं. पोरीच्या मशीनमध्ये जाईल, काही असलं तर तीच सांगेल. मला विचारावं लागणार नाही."

रक्त काढल्यावर नळी हलवत आपण काय म्हणालो होतो, ते चिमणीला आता शब्दन् शब्द आठवलं. 'बाबा, तुमचं रक्त एकदम नॉर्मल. आता सगळ्या गावाचं रक्त आम्ही याच्याशी ताडून बघणार.'

"तेव्हा तपासलंच नव्हतं, बाबा. मी गंमत केली होती."

"मी दुसऱ्याच दिवशी वस्तरा काढला," बाबा म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला सोसला असता.

तिने डोळे पुसले. "चला माझ्याबरोबर. आत्ताच. मॅडमना मी खरं काय ते सांगते. तुमच्या नावाने परत तपासणी करू. औषध आहे यावर, त्यांनी स्वतः सांगितलंय."

बाबा उठले. त्यांनी वस्तरा धुतला, कोरडा केला, मिटला आणि तिच्या हातात दिला. "हा तुझ्याजवळ ठेव. मी मागितला तरी देऊ नकोस. भांडलो तरी नाही."

"नाही देणार."

तिने तो कोटाच्या खिशात टाकला. दोघांनी मिळून शटर ओढलं, बाबांनी कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं. भर दुपारी दुकान बंद झालेलं पाहून समोरच्या पानवाल्याने हात वर केला, बाबांनीही केला. ते चालायला लागले. कोपऱ्यावर बाबा थांबले. त्यांनी एक खिसा चाचपला, मग दुसरा, मग तिच्याकडे वळून अगदी सहज म्हणाले, "चिमणे, थांब जरा. माझा वस्तरा आतच राहिला वाटतं."