तिसऱ्या खांबापाशी

डेलियाकाकीची गाडी त्या मंगळवारी पुन्हा तिसऱ्या खांबापाशी बंद पडली, आणि या खेपेला पाणी चाकाच्या निम्म्यापर्यंत चढलं. मी ट्रॅक्टर घेऊन धावलो, गुडघाभर गार पाण्यात उभं राहून दोर बांधला आणि गाडी ओढून काढली. काकी आत स्वस्थ बसली होती. मांडीवर औषधांची पिशवी, हातात जपमाळ. मी तिच्यावर ओरडलो, म्हणालो बुडून मरायचंय का. तर ती म्हणते कशी, "वरडतोस कशापायी, मॅलकी? त्यानं धरलीया. त्यो सोडंल तवा जाईल."

आमच्या बेटाला रस्ता असा नाही. ओहोटी लागली की समुद्र मागं सरतो आणि मधली वाळू उघडी पडते. तिच्यावर सात खांब रोवलेत, पलीकडच्या काठापासून मोजायचे; त्यांच्या खुणेनं पलीकडं जायचं. गाडीनं सहा मिनिटं लागतात, पायी चाळीस. भरती लागली की वाट संपली. प्रत्येकाच्या दारामागं भरती-ओहोटीचं वेळापत्रक टांगलेलं असतं, आणि ते बघितल्याशिवाय कुणी पायात बूटसुद्धा घालत नाही.

'तो' म्हणजे बार्टली, काकीचा एकुलता एक. माझा दोस्त. अकरा वर्षांपूर्वी नोव्हेंबरात तो इंग्लंडला कामाला निघाला होता. पलीकडच्या तिठ्यावरून चारची बस होती. ऐन वेळी अंगणात काकीची हीच गाडी सुरू होईना. त्यानं निघायची वेळ धरली होती ती गाडीच्या हिशेबानं, आणि त्याच वेळेवर तो पेटी उचलून पायी निघाला. धुकं उतरलं, भरती आली. दुसऱ्या दिवशी तो तिसऱ्या खांबापाशी सापडला.

तेव्हापासून ती हिरवी गाडी तिथंच बंद पडायची. दर वेळी नाही, पण पडली तर तिथंच. काकी पंधरा-वीस मिनिटं तशीच बसायची, मग किल्ली फिरवली की निमूट सुरू. फादरनी येऊन तिच्यावर पवित्र पाणी शिंपडलं, आरशाला गवताचा क्रॉस बांधला, काही उपयोग झाला नाही. बार्टलीचा बाप फेस्टस चार वर्षांनी गेला. लोक काकीला गाडी विकून टाक म्हणायचे. ती म्हणायची, पोराचा हात शेवटचा जिला लागला ती कशी विकू. मी चारचौघांत हसायचो खरा, पण त्या खांबाजवळून जाताना मान वळवायचा धीर मला कधी झाला नाही.

बेटावर इंजिनातलं कळणारा मी एकटाच. या अकरा वर्षांत त्या गाडीचं काय बदललं नाही मी? पॉइंट बदलले, कंडेन्सर बदलला, प्लगला करंट पुरवणारी कॉइल दोनदा, प्लग आणि त्यांच्या वायरी तर दर हिवाळ्याला. खाऱ्या हवेवर खापर फोडायचो. पण पेट्रोल कमी पडलं की गाडी खोकते, आचके देत मरते. ही तशी मरत नव्हती. कुणी किल्ली फिरवून बंद करावी तशी ती एका झटक्यात गप्प व्हायची. म्हणजे करंट कुठंतरी तुटत होता, आणि हे मला पहिल्या दिवसापासून कळत होतं. कळत असूनही मी तपासलं ते उभ्या गाडीत. उभ्या गाडीत ती कधीच चुकली नाही, आणि मला तेच सोयीचं होतं.

बुधवारी सकाळी मी काकीच्या अंगणात गेलो तो ठरवूनच. पुढच्या खेपेला ट्रॅक्टर वेळेवर पोचेल याची खात्री नव्हती. काकी चहा घेऊन आली आणि नेहमीसारखी पायरीवर बसली, कारण त्या गाडीला कुणी हात लावताना ती नजर हटवत नसे. मी तपासायचा दिवा काढला, एक टोक कॉइलला लावलं, दुसरं गाडीच्या उघड्या पत्र्याला. किल्ली फिरवली, दिवा लागला. मग काकीला म्हणालो की तू दिव्याकडं बघ, मी गाडी हलवतो. मागचा बंपर धरून मी गाडी गदागदा हलवली, वाळूच्या वळ्यांवरून जाताना हलते तशी. तिसऱ्या खांबापाशी वाळू सगळ्यात जास्त वळ्यांची आहे, हे माझ्या तेव्हा डोक्यात आलं.

"इझला," काकी म्हणाली. "आता लागला. परत इझला."

दिवा किल्लीच्या मागं लावून पाहिला, तिथं तो कितीही हलवलं तरी ठाम जळत राहिला. म्हणजे किल्ली आणि कॉइल यांच्या मधेच तुटत होतं. तिथं एकच वायर असते, सरळ पुढं जाणारी. ही सरळ जात नव्हती. ती खाली वळून पायाखालच्या सतरंजीखालून ड्रायव्हरच्या सीटखाली गेली होती. मी सीट उचकटून काढली. खाली एक छोटं बटण होतं, मिठानं हिरवं पडलेलं, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना निळी टेप डाव्या हातानं, उलट्या वेढ्यांनी गुंडाळलेली.

मी डावखुरा. बेटावर दुसरा कुणी डावखुरा नाही.

काकी पायरीवरून उठून आली होती. तिनं वाकून पाहिलं. मी टेपवरचा हात काढला नाही.

"ही टेप तुझी हाय," ती म्हणाली.

मग मी सांगितलं. अकरा वर्षं जे फादरपुढं कबुलीजबाबाच्या खिडकीतसुद्धा बोललो नव्हतो ते सांगितलं. बार्टली जायच्या आदल्या दिवशी फेस्टस माझ्याकडं आला. म्हणाला, एक दिवस गाडी सुरू होणार नाही असं काहीतरी कर. बस चुकली की पोराचं डोकं थंड होईल, मग मी त्याला समजावीन. मी सीटखाली बटण बसवलं, बंद केलं की करंट तुटणारं. फेस्टसनं मला फार गळ घातली असं नाही. बार्टलीनं जाऊ नये असं मलाच वाटत होतं. तो पायी निघेल हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही. दफन झाल्यावर फेस्टस म्हणाला की बटण काढून समुद्रात फेकलं, आणि मी ते खरं मानलं. त्यानं फक्त ते चालू करून ठेवलं होतं, आणि मिठानं खाल्लेलं ते बटण गाडी हलली की करंट तोडत होतं. त्याला परत हात लावायची त्याची छाती झाली नसावी.

काकी सीटच्या रिकाम्या चौकटीवर हात टेकून उभी होती.

"मी म्हनले व्हते पोराला," ती हळू बोलली. "पळ म्हनले. गाठशील म्हनले. अकरा वर्सं त्या खांबापाशी बसून मी त्याची माफी मागतीया. मला वाटायचं, त्येच्यासाठीच थांबिवतोय मला." मग ती म्हणाली, "काढ त्ये. जोड सरळ."

मी बटण कापून काढलं. वायर सरळ जोडली, झाळली, टेप लावली. परत हलवून पाहिली, दिवा एकदाही लुकलुकला नाही. हेडलाइटांच्या जोडण्याही गंजल्या होत्या, त्या घासून बसवल्या. काकीनं दारामागचं वेळापत्रक पाहिलं, कोट चढवला आणि मला गाडीत बस म्हणाली.

ती स्वतः चालवत होती. तिसऱ्या खांबापाशी गाडी धडधडली, खडखडली आणि पुढं गेली. काकीनं मान वळवून खांबाकडं पाहिलं. "थांबली न्हाई," असं ती पुटपुटली, आणि तिच्या गालावरून पाणी वाहायला लागलं. मला वाटलं थांबायला हवी होती.

पलीकडच्या तिठ्यावर, बस उभी राहते तिथं, तिनं गाडी वळवून उभी केली.

"उतर," ती म्हणाली. "चालत ये. पानी यायला तास हाय, चाळीस मिंटं लागत्यात. बघ कसं वाटतंय."

मी उतरलो. गाडी निघून गेली.

दुसऱ्या खांबापर्यंत सगळं दिसत होतं. मग धुकं उतरलं, आणि पुढचा खांब दिसेना. वाळूच्या वळ्यांतून पाणी बारीक धारेनं यायला लागलं होतं. वेळ आहे हे मला पाठ होतं, तरी मी पळायला लागलो. दिशा चुकली. बूट भरले. मी बार्टलीला हाक मारली, का मारली ते माझं मला ठाऊक नाही. त्या पांढऱ्यात मला त्याची पेटी आपटल्याचा आवाज आला, आणि माझ्या बाजूनं कुणीतरी चालतंय असं वाटलं. मी जागच्या जागी उभा राहिलो.

तेव्हा बेटाच्या बाजूला दोन पिवळे दिवे लागले. ते हलत नव्हते. इंजिनाचा एकसारखा आवाज येत होता, न तुटणारा. मी दिव्यांवर नजर ठेवून चालत गेलो, बाजूला कोण चालतंय ते न बघता.

काठावर पोचलो तेव्हा काकी गाडीत बसून समोर, माझ्या मागं कुठंतरी बघत होती. माझ्याकडं तिनं पाहिलं नाही. मी दार उघडून आत बसलो, तरी तिनं इंजिन बंद केलं नाही. पाणी सातही खांबांच्या बुडाला लागेपर्यंत तिनं दिवे चालू ठेवले.