झुंबरबाईची जागा

एकोणीसशे अठराची दिवाळी आमच्या गावात कुणी केली नाही. तापाने जवळजवळ प्रत्येक भाऊकीतलं माणूस नेलं होतं. माझी बायको झुंबरबाई पाडव्याला गेली. मला रडू आलं नाही. भूक लागत होती, झोपही येत होती, त्याचीच लाज वाटायची.

पाचव्या दिवशी सांगावा आला, की धुळ्याकडचा कोणी साहेब बदकं मारायला येतोय.

आमच्या देवीच्या तळ्यावर हिवाळ्यात बदकं उतरतात. त्या देवीच्या लेकी, माहेरी आलेल्या. त्यांना कुणी खडाही मारत नाही. पलीकडे सगळी दलदल, त्यामुळे बंदूक घेऊन उभं राहायला एकच काठ. साहेब आला, की आमची मंडळी त्या काठच्या पाण्यात रांगेने उभी राहायची. माणसांवर बंदूक कोण झाडणार? चुडामण आबांनी ही मंडळी जमवली होती. तीच वर्षभर गाळ उपसायची, लव्हाळं राखायची. बायकांना त्यात झुंबरबाईने आणलं.

पण सुतकी माणसाने देवीच्या पाण्यात पाय घालायचा नसतो. सुतक नसलेलं घर एकच, तोतारामचं. तो म्हणाला, "मी उभा ऱ्हासू." पावणेपाच फुटांचा तोताराम, साहेबाच्या वाटेत एकटा. दुसऱ्या एखाद्या वर्षी मी पोट धरून हसलो असतो.

मी धोतर खोचलं. आबांनी हात आडवा घातला. त्यांचे दोन्ही मुलगे गेले होते.

"सुकदेव, देवीले इटाळ व्हई."

"बठ्ठं गाव सुतकमा शे, आबा. देवी काय गावबाहेर ऱ्हास का?"

आबांनी जोडे काढले. मग माझ्याआधी तेच पाण्यात उतरले. मागून बाकीचे आले.

गडी माणसं दाट उभी होती, म्हणून साहेब बायकांच्या टोकाला गेला. तिथे कुंदाबाईच्या शेजारी झुंबरबाईची जागा रिकामी होती. त्याने तिथूनच नेम धरला. मी पाण्यातून चालत गेलो आणि त्या जागेत उभा राहिलो. घाई केली नाही. झाडली असती तर झाडली असती. बंदूक थोडा वेळ तशीच राहिली, मग खाली गेली. साहेब तंबूकडे परतला.

तेव्हा कळलं, की पाणी माझ्या छातीपर्यंत आहे. कुंदाबाईच्या तर गुडघ्यालाच होतं. आणि झुंबरबाई माझ्या खांद्याला लागायची.

"आठे खड्डा शे, भाऊ," कुंदाबाई म्हणाली. "अक्का टाचा उचलीसन उभी ऱ्हाये. दुसरीले उभं ऱ्हाऊ दे नही."

दरवर्षी गड्यांच्या टोकावरून मला तिचं नुसतं डोकं दिसायचं. घरी गेल्यावर मी म्हणायचो, आळशी बाई, पाण्यातही बसलीस. ती हसायची आणि भाकरी थापायला घ्यायची.

आठ वर्षांत एकदा सांगायला काय झालं होतं? मला तिचा इतका राग आला, की ती घरी असती तर जाऊन भांडलो असतो.