हॅनाची जबानी

अठ्ठावन्नाव्या वर्षी कोणी परीक्षेला बसतं का, आणि तेही गावाच्या अन् घराण्याच्या इतिहासाच्या, असं म्हणून सगळं गाव नेस्टाला हसलं होतं. पण बाई हट्टी. दोन वर्षं तिनं चॅपेलच्या दफनाच्या वह्या आणि जमिनीचे जुने कागद पिंजून काढले. आता पदविकेचा शेवटचा प्रबंध तेवढा राहिला होता, आणि विषय तिनं घरचाच घेतला होता: लाकडी घोडा.

आमच्या वेल्समध्ये पूर्वी बायकोला मारणाऱ्याला पोलिसात कोण देतंय! गावातले पुरुष तोंडाला काजळी फासायचे, बायकांचे झगे चढवायचे, त्याला घरातून ओढून ओंडक्यावर, म्हणजेच लाकडी घोड्यावर, बांधायचे आणि गावभर मिरवायचे. १८३९ साली इव्हान नावाच्या शेतकऱ्याची अशीच धिंड निघाली. पुढे होता त्याच्या बायकोचा, हॅनाचा, सख्खा भाऊ टोमोस. हा टोमोस म्हणजे नेस्टाचा खापरपणजा. बहिणीसाठी उभा राहिलेला मर्द गडी! नेस्टाचा थोरला भाऊ इदवाल ही गोष्ट लग्नात सांगायचा, मयताला सांगायचा, शाळेत जाऊन पोरांनाही सांगायचा.

मग दफ्तरखान्यात नेस्टाला इव्हानच्या मृत्यूच्या चौकशीचे कागद सापडले. इव्हान ओंडक्यावरून डोक्यावर पडला, तरी लाथा थांबल्या नाहीत, आणि तो मेला. त्यात हॅनाची जबानी होती. माझ्या नवऱ्यानं माझ्यावर कधी हात उचलला नाही, मला मारलं ते टोमोसनं, बापानं माझ्या नावे ठेवलेलं कुरण मी सोडीना म्हणून. मग धिंडीच्या वेळी का बोलली नाहीस, असं चौकशी करणाऱ्या कोरोनरनं विचारलं. तिचं उत्तर चार शब्दांचं होतं. ‘सख्खा भाऊ आहे, साहेब.’

प्रबंध देण्याआधी भावाला सांगावं, असं नेस्टाला वाटलं. इथंच चुकलं तिचं. गुरुवारी इदवालच्या स्वयंपाकघरात तिनं जबानी वाचून दाखवली.

“हे प्रबंधात घालायचं नाही,” इदवाल म्हणाला.

“कागद आहे तो. मी नाही घातला तर दुसरं कोणी घालील.”

तिनं पुढं काही म्हणायच्या आत त्याची मूठ तोंडावर बसली. दुसरी डोळ्याखाली. ती टेबलाच्या कडेवर आपटली, एक दात निखळून फरशीवर पडला. इदवालनं केस धरून तिचं डोकं पुन्हा त्याच कडेवर दाबलं, आणि मग हात धुऊन दूध काढायला निघून गेला. मेल्यानं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

घरी नवरा एम्लिन होता. एम्लिन शाळेची बस चालवायचा. रस्त्यात मेंढरू आलं तरी भोंगा न वाजवणारा माणूस. नेस्टानं त्याला सगळं सांगितलं आणि वर शपथ घातली, कोणाला बोलायचं नाही, भाऊ आहे माझा. गावात तिनं गोठ्यात पाय घसरला म्हणून सांगितलं. कोणाला पटलं नाही, आणि घरात पुरुष एकच.

शनिवारी दुपारी रग्बीचा सामना संपल्यावर क्लबात विषय निघालाच. कोणीतरी एम्लिनचं नाव घेतलं. इदवाल तिथं बसलेला. त्यानं नाही म्हटलं नाही. ग्लास संपवला आणि चौघांच्या पुढं एम्लिनच्या घराकडं निघाला.

अंगणातला आवाज ऐकून नेस्टा धावत बाहेर आली, तोवर एम्लिन चिखलात पालथा होता. दोघं त्याच्या बरगड्यांत लाथा घालत होते. एकानं त्याचा हात पिरगळून मोडला, तो आवाज तिला दारातून ऐकू आला. इदवाल बुटाची टाच त्याच्या तोंडावर, डोळ्यावर हाणत म्हणत होता, “माझ्या बहिणीला मारतोस?” एम्लिन रक्त थुंकत होता, पण इदवालचं नाव घेत नव्हता. बायकोनं शपथ घातली होती ना!

नेस्टाला तेव्हा स्वतःची इतकी चीड आली की तिनं दारामागचं फावडं उचललं आणि इदवालच्या गुडघ्यावर घातलं. तो खाली बसला. बाकीचे थबकले.

“हे तोंड यानं फोडलंय,” ती म्हणाली. “माझ्या भावानं. त्याच्याच स्वयंपाकघरात. विचारा त्याला.”

कोणी विचारलं नाही. इदवाल गुडघा धरून जमिनीकडे बघत राहिला, त्यातच सगळ्यांना कळलं. एकजण क्लबाचा मफलर काढून एम्लिनच्या तोंडाला लावायला वाकला. नेस्टानं त्याला ढकलून दिलं आणि रुग्णवाहिकेला फोन केला. दुसरा फोन पोलिसांना.

प्रबंध तिनं मुदतीत दिला. आधारांच्या यादीत हॅनाच्या जबानीखाली तिनं आपली जबानी जोडली, तारखेसकट. शेवटचं वाक्य काढून टाक, असं एम्लिननं पुन्हा पुन्हा विनवलं. तिनं ते काढलं नाही. तिथं लिहिलंय, ‘हॅना नवरा गेल्यावर बोलली, मी नवऱ्याचा डोळा गेल्यावर बोलले.’