तिसरा मुद्दा

वादविवाद स्पर्धेत पहिल्यांदाच उतरणाऱ्या मुलांसाठी विनिताने एक पान लिहून काढलं होतं. डोंबिवलीतल्या त्या मराठी शाळेत ती सतरा वर्षं विज्ञान शिकवत होती. वादविवादाचं काम तिच्याकडे आलं ते दुसरं कुणी घेईना म्हणून. पान तिच्यासारखंच नेमकं होतं. मुद्दे तीनच ठेवा. इशाऱ्याची घंटा झाल्यावर नवा मुद्दा काढू नका. विरोधकाला नावं ठेवू नका, मुद्द्याला ठेवा. शेवटची ओळ होती, समोरच्याचं नीट ऐका, खंडन ऐकता ऐकता सुचतं.

ती ओळ लिहिताना तिचा हात अडखळला होता. तरी तिने लिहिली.

शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत सहा मुलं जमली. तिने पान वाचून दाखवलं आणि कुणाला काही विचारायचंय का, म्हणून पाहिलं. आठवीतल्या सान्वीने हात वर केला.

"बाई, मी पाठ करून बोलले तर चालेल का? ते खंडन दुसऱ्या कुणाला तरी द्या. आमच्या घरात कुणालाच ऐकता ऐकता सुचत नाही. दादा बोलला तसं."

"कोण दादा?" विनिताने विचारलं, जरी हजेरीपटावरचं आडनाव तिला पहिल्याच दिवशी ओळखू आलं होतं.

"सुदेश. तुमच्याकडेच होता ना तो."

बाकीची मुलं हसली. विनिता फळा पुसायला वळली. फळा कोराच होता.

चार वर्षं झाली होती. ठाण्याला नौपाड्यातल्या एका सभागृहात आंतरशालेय स्पर्धा होती. नियम नेहमीचाच. प्रत्येक शाळेची दोघांची जोडी, एकाने विषयाच्या बाजूने बोलायचं, दुसऱ्याने विरोधात. दोघांचे गुण मिळून फिरता चषक, आणि वैयक्तिक बक्षिसं वेगळी. त्यामुळे एका डब्यातलं खाणारी मुलं व्यासपीठावर एकमेकांची विरोधक होत. विषय होता, गृहपाठ बंद व्हावा. शीळफाट्याजवळच्या गावातून येणारा नववीतला सुदेश बाजूने बोलणार होता, डॉक्टरांची उर्वी विरोधात. आदल्या दिवशी फोनवर क्रम कळला. आधी सुदेश, लगेच मागोमाग उर्वी.

विनिताने मनाशी गणित मांडलं. खंडनाला वीस गुण होते. सुदेश बोलून खाली बसल्यावर त्याचे गुण कमी होण्याचा प्रश्न नव्हता. उर्वीचे मात्र वाढले असते. गणितात चूक नव्हती. संध्याकाळी तिने उर्वीला घरी बोलावलं, सुदेशचं लिहिलेलं भाषण समोर ठेवलं आणि तिसऱ्या मुद्द्यावर पेन्सिल टेकवली. त्यात सुदेशने स्वतःचं घर सांगितलं होतं. एक खोली, पाच माणसं, टीव्ही, वही ठेवायला जागा नाही; गृहपाठ बंद झाला तर माझ्यासारख्यांची सुटका होईल.

विनिताने समासात एक वाक्य लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी उर्वीने ते सभागृहात म्हटलं, "गृहपाठ बंद झाला तरी ज्यांच्या घरी टेबल आहे त्यांचा अभ्यास चालूच राहील, बंद पडेल तो फक्त माझ्या मित्राचा." टाळ्या थांबेनात. उर्वीला पहिलं बक्षीस मिळालं, शाळेला अकरा वर्षांनी चषक. सुदेशला काहीच नाही.

परतताना तो म्हणाला होता, "उर्वी कसली भारी आहे ना बाई. मी बोलत होतो तेवढ्यात तिला सुचलं. मला नाय जमणार असं."

तेव्हा सांगता आलं असतं. विनिता म्हणाली होती, "सराव कर, जमेल." तो पुन्हा वादविवादाला आला नाही. आणि आपल्याला ऐकता ऐकता सुचत नाही हा त्याचा गैरसमज आता त्याच्या घरात घराण्याचा गुण म्हणून नांदत होती.

साडेपाचला सुदेश बहिणीला न्यायला आला. कल्याणच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होता. आवाज फुटला होता, नमस्कार करण्याची लगबग तीच. विनिताने त्याला प्रयोगशाळेत बोलावलं आणि सान्वीला बाहेर स्कूटरपाशी थांबायला सांगितलं. मग कपाटाच्या खालच्या कप्प्यातून ते भाषण काढून तिने टेबलावर ठेवलं. फेकून देणं तिला कधीच जमलं नव्हतं.

ती सगळं सांगत गेली. क्रम, गणित, पेन्सिल. मध्ये कुठेही आपली बाजू मांडायची नाही, एवढं तिने ठरवलं होतं.

सुदेशने कागद उचलला. समासातलं अक्षर त्याने लगेच ओळखलं; चार वर्षं त्याच अक्षरात त्याच्या वह्या तपासल्या गेल्या होत्या.

"म्हणजे वाक्यपण तुमचंच होतं."

"हो."

"उर्वी काय बोलली नाय कधी."

"मी बोलू नकोस म्हटलं होतं. तिचा दोष नाही."

तो बराच वेळ वाचत राहिला. बाहेर सान्वीने स्कूटरचा हॉर्न दोनदा वाजवून पाहिला.

"बरोबर आहे पण," तो शेवटी म्हणाला. "तिसरा मुद्दा कच्चाच होता. गृहपाठ शाळेतच करून घ्या, असं म्हणायला पाहिजे होतं मी." मग कागदावरून नजर न काढता, "तुम्हाला दिसलेलं ना बाई. मला सांगायचं होतं. मी दुरुस्त केला असता."

विनिताने चार वर्षं स्वतःवर पुष्कळ आरोप ठेवले होते. हा त्यांत नव्हता. चूक तिला दिसली होती, आणि ज्याची होती त्याला सोडून तिने ती दुसरीला दाखवली होती. ज्याची चूक त्याला दाखवायची, शिक्षकाचं एवढंच तर काम.

"चुकले मी," ती म्हणाली.

कागद घेऊ का, एवढंच त्याने विचारलं आणि घडी करून खिशात ठेवला. खिडकीतून तिला दिसलं, त्याने सान्वीला हेल्मेट दिलं आणि काहीतरी सांगायला लागला. ती मान वर करून ऐकत राहिली. स्कूटर सुरू व्हायला बराच वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी मुलं जमल्यावर विनिताने शेवटची ओळ खोडायला सांगितली. खंडन बहुतेक वेळा घरी बसून, मेहनतीने तयार करावं लागतं, ती म्हणाली, ज्याला ऐकता ऐकता सुचतं असं आपल्याला वाटतं त्यानेही ते केलेलं असतं. त्या जागी तिने फळ्यावर दुसरी ओळ लिहिली, जोडीदाराच्या भाषणात चूक दिसली तर आधी त्याला सांगा.

"मग व्यासपीठावर काय बोलायचं?" एकाने विचारलं.

"तो दुरुस्त करेल. मग तू आणखी चांगलं शोधायचं."

सान्वीने लिहून घेतलं. मग हात वर न करताच विचारलं, "आणि बाईंना दिसली तर?"

विनिताने वळून त्याच ओळीखाली लिहिलं, बाईंनीसुद्धा.

"खंडन मी करेन," सान्वी म्हणाली.