डाउनलोड सुरू आहे

पडलेलं पेन उचलायचं निमित्त करून सयाजी टेबलाखाली वाकला. इंटरनेटची वीतभर वायर त्याने राउटरमधून आणि भिंतीवरच्या डबीतून, दोन्हीकडून उपटली आणि पँटच्या खिशात कोंबली. वर खुर्चीत बसलेल्या राजनंदिनीची नजर स्क्रीनवरून हललीसुद्धा नाही.

तासगावच्या त्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमधले कॉम्प्युटर अकरा वर्षं सयाजीच बघत होता. फौजेत सिग्नलच्या तुकडीत होता. सुटून आल्यावर लिनक्स स्वतःच्या हिमतीवर शिकला. आणि मालक उदयसिंहदादा आता ऊठसूट काय म्हणायचे? ‘राजनंदिनीला विचारा!’ सांगलीहून एसटीने येणारी पोरगी, कामाला लागून अजून महिना झाला नव्हता. दादांनी तिचं नाव घेतलं की सयाजीचा जळफळाट व्हायचा. डब्यातली भाकरी गोड लागेना.

आज बारा वाजता बेदाण्याचा सौदा. पावत्या छापायच्या नव्या मशीनसाठी आधी सिस्टम अपडेट करायची होती, दोनशे चौदा पॅकेजेस, म्हणजे तेवढ्या प्रोग्रामच्या नव्या फायली बसवायच्या. ते झालं नाही तर बाहेर पेट्यांच्या गाड्या खोळंबणार आणि दादा परत सयाजीकडे येणार. हेच तर त्याला हवं होतं. एकदा, फक्त एकदा, पोरीला दादांसमोर ‘जमलं नाही’ म्हणायला लागावं.

दादा आत आले.

"कुठवर आलंय गं?"

"एकशे दहा झाली, दादा. डाउनलोड सुरू आहे."

सयाजीने मान वळवली. स्क्रीनवर ‘डाउनलोड’ शब्दापुढे आकडा पळत होता. एकशे अठरा. एकशे तीस. त्याने खिसा चाचपला. वायर तर होती की!

"आवं दादा, खोटं हाय हे," तो बोलून गेला. "नेटच न्हाई, मग डाउनलोड कुठनं हुतंय? तुमच्या डोळ्यांत धूळ फेकती ही."

"नेट न्हाई? तुला रं कसं ठावं?"

सयाजीने टेबलाखालच्या राउटरकडे बोट दाखवलं.

"लाल दिवा... दिसतोय की."

राजनंदिनी टेबलाखाली डोकावली. दिवा खरंच लाल होता.

"अय्या, हो की!" ती म्हणाली आणि हसली. "पण आपलं काही अडत नाही, दादा. ह्या सगळ्या फायली सयाजीकाकांच्या जुन्या कॉम्प्युटरवरून मी सकाळीच इकडे घेतल्यात. ह्या प्रोग्रामची बोलायची रीतच तशी आहे. फाइल बाहेरून आणली काय नि हाताशी असली काय, तो डाउनलोडच म्हणतो. काका, काल नव्हतं का विचारलं, जुना कॉम्प्युटर उघडू का म्हणून?"

विचारलं होतं. ‘उघडा की, आता तुमचंच राज्य हाय,’ असं तो फणकाऱ्याने म्हणाला होता. नेटचा भरवसा नाही म्हणून निघेल ते पॅकेज तो तिथे उतरवून ठेवायचा आणि लागेल तसं एकेक हाताने बसवायचा. फौजेतली सवय. परवापर्यंतचं एकूण एक तिथे होतं. ऑफिसातले त्यावरून त्याची टर उडवायचे. ह्या पोरीने ते सगळं न हसता चाळून पाहिलं होतं.

"आयला, सयाज्या!" दादांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "तुझ्यामुळं सौदा वाचला की गड्या!"

दोनशे चौदा. थोड्या वेळाने नवं मशीन खरखरलं आणि पहिली पावती बाहेर आली. दादा ती घेऊन दाराकडे निघाले.

राजनंदिनीने राउटर वर घेतला, उलटा करून पाहिला. वायरीची जागा रिकामी. तिने सयाजीकडे पाहिलं, मग त्याच्या फुगलेल्या खिशाकडे.

"उंदरांनी नेली असेल," ती हळूच म्हणाली. "माझ्याकडे दुसरी आहे, काका."

दादा अजून उंबऱ्यातच होते. सयाजीला गप्प बसता आलं असतं. पाठीवर ती थाप अजून जाणवत होती. त्याने खिशात हात घातला.

"दुसरी कशाला?" आवाज उगाच मोठा निघाला. "ही हाय की. मीच काढली हुती."

दादा वळले. सयाजीने राउटर तिच्या हातातून घेतला, टेबलाखाली वाकला आणि वायर जागेवर लावली. लाल दिवा हिरवा व्हायला बराच वेळ लागतो. तोवर तो वर उठला नाही.