बेटाशी बोलणारा जुना फोन

मी एक जुना फोन आहे. माझ्या काचेला उजव्या कोपऱ्यात तडा गेलाय, पाठीमागचं झाकण रबरबँडने बांधलंय, आणि चार्जरची पिन जरा तिरकी धरली तरच माझ्यात वीज येते. दुकानात मला कोणी फुकटसुद्धा घेणार नाही. पण समुद्रात लांबवर एक बेट आहे, आणि तिथल्या यंत्राला या घरातला फक्त मीच ओळखीचा आहे.

मला आणलं ते दादाने. हवामान केंद्रातली यंत्रं सांभाळायचं त्याचं काम. घरी आणल्या आणल्या त्याने माझ्यात एक ॲप बसवलं. दिसायला अगदी रुक्ष. काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं, चित्र नाही की रंग नाही. त्याला तो टर्मिनल म्हणायचा. त्यातून लांबच्या कॉम्प्युटरशी कुलूपबंद बोलता येतं. वाटेत कोणी कान लावला तरी त्याच्या हाती काही लागत नाही. त्यासाठी लागणारी किल्ली, म्हणजे आकड्याअक्षरांची भलीमोठी ओळ, त्याने माझ्यातच तयार केली. ती माझ्याशिवाय दुसरीकडे कुठेही नाही.

मग दादाला बेटावरच्या केंद्रात तीन वर्षांचं काम मिळालं. तिथे वर्षातून एकदा जहाज जातं. आईला हे मुळीच पसंत नव्हतं. ती छापखान्यात मुद्रितशोधक होती. तीस वर्षं लोकांच्या वेलांट्या आणि अनुस्वार दुरुस्त करून निवृत्त झाली होती. दादा निघाला त्या दिवशी ती स्वयंपाकघरातून बाहेर आलीच नाही. धाकट्या बहिणीने, ठकूने, माझ्यावर निरोपाचा व्हिडिओ काढला. त्यात दारात बॅग घेऊन उभा असलेला दादा होता, आणि आतून भांडी आपटल्याचा आवाज.

जाताना त्याने मला ठकूच्या हातात दिलं. ठकू चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करायची. कॉम्प्युटरशी तिचं देणंघेणं नव्हतं.

"तिथे फोन लागणार नाही," दादा म्हणाला. "फोटो जाणार नाहीत. तिथलं इंटरनेट दोऱ्याएवढं बारीक. पण अक्षरं जातात. दुपारी सव्वा वाजता जोडणी उघडते, वीस मिनिटं. हे ॲप उघड, बेटाच्या नावावर बोट ठेव, आणि लिही."

"आणि बिघडलं तर?"

"काहीही कर, पण ॲप काढून टाकू नकोस. किल्ली जाईल. नवी किल्ली मंजूर व्हायला महिने लागतात."

तेव्हापासून रोज दुपारी सव्वाला मी कामाला लागायचो. त्या काळ्या पडद्यावर मराठी अक्षरांचे नुसते चौकोन उमटत, म्हणून ठकू आणि दादा इंग्रजी लिपीत मराठी लिहीत. आईला हे कळलं तेव्हा तिने कपाळाला हात लावला. "माझ्या पोटच्या पोराशी मी बिनकान्यामात्र्याचं बोलू?" असं म्हणून ती लांबच बसायची. पण सव्वा वाजले की तिची खुर्ची मात्र ठकूच्या जवळ सरकलेली असे.

"काय म्हणतोय?"

"वारा फार आहे म्हणतो."

"टोपी घालतो का विचार. माझं नाव सांगू नकोस."

अशी दीड वर्षं गेली. आईने स्वतःहून त्याला एक ओळही पाठवली नाही. आणि मग तिच्या हृदयाची एक झडप नीट मिटत नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. ऑपरेशन ठरलं. दुपारी तीन वाजता.

त्या दिवशी सकाळी ती दवाखान्यातल्या खाटेवर बसून ठकूला म्हणाली, "आज त्याच्याशी मला बोलायचंय. माझ्या नावाने."

बारा वाजता ठकूला एकदम आठवलं. आदल्या दिवशी दादाने लिहिलं होतं: उद्या इथलं यंत्र अपडेट होतंय, जुनी कुलपं चालणार नाहीत, तुझं ॲप आजच नवं करून घे. दवाखान्याच्या गडबडीत तिच्या डोक्यातून ते पार निघून गेलं होतं. तिने घाईघाईने अपडेट मागितलं. उत्तर आलं की हे ॲप आता तुमच्या फोनवर चालणार नाही; फोन फार जुना आहे. मला तेव्हा कुठे तोंड लपवू असं झालं. सहा वर्षांचाच तर होतो मी.

ठकूने हातपाय गाळले नाहीत. ॲप बनवणाऱ्यांच्या पानावर शोधता शोधता तिला एक ओळ सापडली: जुन्या फोनांसाठी शेवटची आवृत्ती. तिने ती उतरवून घेतली. पण खाली बजावलेलं होतं, की उतरवलेली प्रत अस्सल आहे याची खात्री करूनच ती बसवा. आम्ही दिलेली खूण आणि तुमच्या फोनवरची खूण अक्षर न् अक्षर जुळली पाहिजे. खूण म्हणजे चौसष्ट आकडे आणि अक्षरं. माझ्या एवढ्याशा पडद्यावर दोन्ही एकदम मावेनात. वॉर्डातल्या नर्सताईंनी आपल्या कॉम्प्युटरवरून ते पान छापून दिलं.

"आण इकडे तो कागद," आई म्हणाली. "माझा चष्मा दे. हे माझं काम आहे."

हाताला सलाईन लावलेली, अंगात दवाखान्याचा झगा. तरी ती ताठ बसली आणि छापखान्यातल्यासारखी एका सुरात वाचू लागली. "सात. नऊ. बी. शून्य. पुन्हा शून्य. ई. चार." ठकू माझ्यावर बघून "हं, हं" म्हणत गेली. शेजारच्या खाटेवरच्या बाई जपाची वेळ झाली समजून गप्प बसल्या. मध्येच ठकू घाईने "हं" म्हणाली तर आई थांबली. "न बघता हं म्हणालीस. मागे जा." चौसष्टच्या चौसष्ट जुळली.

आणि नवी प्रत बसवायला घेतली तर माझ्यात जागाच नाही. गाणी, खेळ, नकाशे ठकूने आधीच काढलेले. उरला होता तो एकच मोठा व्हिडिओ. दुसरीकडे ठेवायला ना वेळ, ना साधन. एक वाजून पाच मिनिटं झाली होती.

"आई, यात दादा आहे."

"पूस."

"त्याचा तेवढाच तर आहे आपल्याकडे."

"चेहरा माझ्या लक्षात आहे, ठके. आज मला त्याचं ऐकायचंय. पूस."

तो मीच पुसला. तसं आमच्या हाती काही नसतं, सांगितलं की करायचं. पण त्या जागेवर नवं ॲप बसत होतं तेव्हा मला काय वाटलं, ते सांगता येत नाही. किल्ली जागच्या जागी राहिली. एक वाजून सतरा मिनिटांनी काळा पडदा उघडला आणि बेटाने मला ओळखलं.

आई सांगत गेली, ठकू लिहीत गेली. "लिही. मी आई बोलतेय. पूर्णविराम. तू गेलास ते बरं केलंस. पूर्णविराम. त्या दिवशी मी बाहेर आले नाही, स्वल्पविराम, ते चुकलं."

माझ्या पडद्यावर, पुढचं अक्षर जिथे उमटायचं तिथे, छोटी पांढरी रेघ लुकलुकत राहिली. मग अक्षरं आली. आईच्या समाधानासाठी मी ती इथे शुद्ध करून सांगतो: "आई, मी जिन्यात दहा मिनिटं थांबलो होतो. भांड्यांचा आवाज ऐकत. तू मला सोडायलाच आली होतीस असं मी धरलं."

आईने ते ठकूकडून दोनदा वाचून घेतलं. मग चष्मा काढून तिच्या हातात दिला आणि आडवी झाली.

ऑपरेशन नीट पार पडलं. पुढे सव्वा वर्ष ती रोज दुपारी आपल्या नावाने बोलली. कुठल्या कपाटात काय आहे, कोण आजारी आहे, शेजारच्यांनी दाराला कसला भयानक रंग दिला. आणि तीन वर्षं संपायला दोन महिने उरले असताना, एका सकाळी, ती झोपेतून उठलीच नाही.

सव्वा वाजता ठकूने ते लिहिलं. तिच्या बोटांना माझी अक्षरं सापडत नव्हती. दादाने विचारलं, "शेवटचं काही म्हणाली?" ठकूने लिहिलं, "काल तुझी ओळ वाचून म्हणाली, याला अजून पूर्णविराम कुठे द्यायचा ते कळत नाही." वीस मिनिटं संपली आणि जोडणी आपोआप मिटली.

दादा आला तेव्हा त्याने बॅगही न उघडता मला मागितलं. आईने सांगितलेलं सगळं त्याला पुन्हा वाचायचं होतं. पण टर्मिनल काही जपून ठेवत नाही. जोडणी मिटली की अक्षरं जातात. तो रिकामा पडदा वर-खाली करत राहिला. ती सगळी वाक्यं माझ्यातून गेलेली, तिचे पूर्णविरामसुद्धा, आणि मला त्यातलं एकही त्याच्यासमोर उभं करता येईना.

आता दुपारी सव्वाला दादाच मला हातात घेतो. बेटावर आता दुसरा माणूस आहे. तो वाऱ्याचे आकडे कळवतो. मागच्या आठवड्यात त्याने लिहिलं, की पुढच्या जहाजाने इथे नवं यंत्र येतंय, मग इतके जुने फोन जोडले जाणार नाहीत. माझ्यासाठी आता कुठलीच आवृत्ती निघायची नाही, हे मलाही ठाऊक आहे.

ठकू म्हणाली, "दादा, नवा फोन घे ना. आणि तुझं आता त्या बेटावर काम तरी काय?"

"काही नाही."

"मग रोज कशाला उघडतोस?"

त्याने माझी पिन पुन्हा तिरकी धरली. "मी तिथे होतो तेव्हा घरी आई होती," तो म्हणाला.

जहाज निघायला अजून तीन आठवडे आहेत. माझी मागणी मोठी नाही. तोवर ती पिन कोणीतरी तिरकी धरा, एवढंच.