पिवळं कुलूप

त्या साबणाच्या कारखान्यात एजन्सीच्या माणसांना पिवळी कुलपं आणि कंपनीच्या माणसांना लाल, अशी रीत होती. मशीनच्या पोटात उतरण्याआधी उतरणाऱ्याने बाहेरच्या स्विचला आपलं कुलूप घालायचं आणि किल्ली आपल्याच खिशात ठेवायची. कुलूप आहे तोवर कोणाच्या बापाला मशीन चालू करता येत नसे.

फिटर बरीच वर्षं पिवळ्या कुलपावर राबला. शुक्रवारी संध्याकाळी त्याने गणवेश, हेल्मेट आणि किल्ली असं एजन्सीचं सामान मुकादमाच्या टेबलावर नेऊन ठेवलं. सोमवारपासून तो कंपनीचा. तीन महिने पारखणार, खोट दिसली नाही तर कायम. मुकादम म्हणजे त्याचा थोरला साडू. याच जागेसाठी त्यानेही अर्ज केला होता. त्याने किल्ली उचलून खिशात टाकली, आणि कुलूप कुठे आहे हे काही विचारलं नाही.

सोमवारी नवा निळा शर्ट घालून फिटर आत आला, तर मोठ्या मिक्सरभोवती माणसं जमलेली. स्विचला पिवळं कुलूप लोंबत होतं आणि त्याच्या बिल्ल्यावर फिटरचाच फोटो. शुक्रवारी निरोपाच्या गडबडीत ते काढायचंच राहून गेलं होतं.

"पहिल्याच दिवशी?" इंजिनिअर मॅडम म्हणाल्या. "किल्ली कुठाय?"

"एजन्सीकडे."

"मग मागा. आणि आत काही हत्यार राहिलंय का ते स्वतः बघा. कुलूप तुमचं आहे." फोन कानाला लावून त्या ऑफिसकडे गेल्या.

मुकादम सावकाश आला, हातात चहाचा कप घेऊन. मागे एजन्सीची चौघं. शुक्रवारपर्यंत फिटरच्या डब्यातलं हक्काने खाणारी ही माणसं आज त्याच्या शर्टाकडे बघत होती, तोंडाकडे नाही.

"बोला साहेब."

"दादा, किल्ली द्या."

"अजून दादाच का? तुझी बायको तर फोनवर आमच्या हिला सांगत होती, आता ह्यांना एजन्सीच्या लोकांत बसणं शोभत नाही म्हणून."

"ती असं बोलली नसेल."

"म्हणजे आमची ही खोटारडी?"

चौघांतला एकजण फिस्सकन हसला.

"भांडण घरी करू," फिटर म्हणाला. "इथे लाइन उभी आहे."

"तुझी लाइन. आमच्या काय बापाचं जातंय? आधी आत बघून ये. किल्ली कुठे पळून जात नाही."

स्वतःचं कुलूप घातल्याशिवाय आत उतरायचं नाही, हे फिटरला कळत नव्हतं अशातला भाग नाही. पण स्टोअरवाला लाल कुलूप जेवणानंतर देणार होता. मॅडम परत येतील तेव्हा मिक्सर तसाच उभा दिसला, तर तीन महिने पहिल्याच सकाळी संपणार होते. त्याने बॅटरी घेतली आणि झाकणातून आत सरकला.

आत उग्र वास होता. पाती बरगड्यांना लागत होती. तो तळ चाचपत पुढे गेला. काही सापडलं नाही. एवढ्यात बाहेर खट् असा आवाज झाला.

तो आवाज त्याच्या रोजच्या ओळखीचा होता. मशीनच्या आतून मात्र त्याने तो कधी ऐकला नव्हता.

"दादा?"

कोणीतरी हसायला लागलं आणि मध्येच थांबलं.

फिटर बाहेर कसा आला ते त्याचं त्यालाच कळलं नाही. कोपर सोलून निघालं होतं. समोर साडू कुलूप बोटात अडकवून गरगर फिरवत होता.

"केवढा घाम! अरे, स्विचला हात लावला नाही कोणी. थट्टा सोसत नाही होय कंपनीच्या माणसाला?"

चौघं जमिनीकडे बघत होती. मॅडम येताना दिसल्या तसा मुकादम जवळ सरकला. "बोललास तर तुझीही जाईल. विसरलास तू."

ते तर खरंच होतं. कायम झाल्याचं बायकोने सगळ्या गोतावळ्यात सांगून टाकलं होतं. फिटरने ओठ पुसले.

"मॅडम, मी आत असताना मुकादमांनी कुलूप काढलं."

मॅडमनी चौघांकडे पाहिलं. "खरंय?"

जो फिस्सकन हसला होता, त्यानेच मान हलवली.

मॅडमनी मुकादमापुढे हात केला. "गेटपास." मग फिटरकडे वळून म्हणाल्या, "विसरलेल्या कुलपाचं तुमचंही वर कळवणार. ठेवतील का ते सांगता येत नाही."

"कळवा."

मुकादमाने कुलूप त्याच्या पायाशी आपटलं. "तुला इथे चिकटवला कोणी? मी! आमच्या दाराची पायरी चढलास तर तंगडं मोडीन."

जेवायला फिटर एकटाच बसला. एजन्सीच्या टेबलावर जागा होती, पण तिथल्या रिकाम्या खुर्चीवर कोणीतरी हेल्मेट आणून ठेवलं. स्टोअरवाल्याने लाल कुलूप नुसतं टेबलावरून पुढे सरकवलं.

दुपारी मिक्सर खरवडायला पुन्हा थांबला. फिटरने स्विचला लाल कुलूप घातलं, ओढून बघितलं, पुन्हा एकदा ओढलं. बाकावर ठेवलेला फोन वाजू लागला. बायकोचा होता. तिची ताई तिच्याशी काय काय बोलली असेल, ते त्याला न ऐकताच कळत होतं. त्याने फोन वाजू दिला. किल्ली खिशात टाकवेना. ती मुठीत घट्ट धरून तो आत उतरला.